आधी पूर्ण रोल दाखवा

हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धेत परीक्षण कसं होतं, ते आधी सांगतो. तीन परीक्षक एका रांगेत बसतात. समोर पडदा किंवा मोठा टीव्ही, प्रत्येकाच्या हातात बटणांचं छोटं यंत्र. फोटो येतो, चार-पाच सेकंद थांबतो, तिघं आपापला आकडा दाबतात, बेरीज होते, पुढचा फोटो येतो. सकाळी बसलेली मंडळी जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेकडो फोटो हातावेगळे करतात. पक्ष्यांचे, फुलांचे, बर्फाच्या डोंगरांचे फोटो निवडायला ही रीत कदाचित पुरत असेल. रस्त्यावरच्या फोटोंना, ज्यांना आता लहानथोर सगळेच स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात, ती पुरत नाही. या रीतीनं मोजली जाते ती चकाकी, नशीब आणि विषयाचं वजन. रस्त्यावरच्या फोटोतली कला एकट्यादुकट्या चौकटीत क्वचित सापडते, आणि पाच सेकंदांत तर सापडतच नाही.

मी फोटो काढून पोट भरलेलं नाही, दुसऱ्यांनी काढलेले फोटो छापून भरलं. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली पुष्कळ मराठी कुटुंबं फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे आली. आमचं त्यातलंच. टीटी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो आणि कॉलेज संपताच न्यू मार्केटमधल्या एका लॅबच्या मागच्या खोलीत कामाला लागलो. पुढे काउंटरवर पासपोर्ट फोटोंची गर्दी, मागे लाल दिवा, डेव्हलपर, हायपो आणि दोरीवर चिमट्यांनी टांगलेले ओले रोल. डिजिटल येऊन ती खोली बंद होईपर्यंत माझं काम तेच राहिलं. भोपाळच्या हौशी माणसांनी काय काढलं, ते त्यांच्या घरच्यांच्या आधी मी पाहायचो.

आणि पाहायचो तो अख्खा रोल, छत्तीस चौकटींचा. कागद महाग, म्हणून जाणता हौशी माणूस आधी कॉन्टॅक्ट शीट मागायचा. निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर जशाच्या तशा ठेवून काढलेला तो एकच प्रिंट, त्यावर टपाल तिकिटाएवढ्या छत्तीस चौकटी. त्यावर भिंग ठेवलं की काढणारा माणूस कळायचा. एकाच्या शीटवर देऊळ, गाय, बड्या तलावावरचा सूर्यास्त, भाचीचा वाढदिवस, पुन्हा सूर्यास्त. एकही गोष्ट थांबून पाहिलेली नाही. दुसऱ्याच्या शीटवर जुमेरातीतला एकच हातगाडीवाला. पहिल्या चौकटीत तो लांब आणि पाठमोरा. तिसरीत थोडा जवळ. सहावीत त्यानं वळून पाहिलंय. सातवीत कॅमेरा घाबरून आभाळाकडे वळलाय. नववीपासून पुढे मात्र दोघांचं काहीतरी जमलंय, कारण हातगाडीवाला खाली मान घालून आपलं काम करतोय आणि कॅमेरा हाताच्या अंतरावर आहे. या दुसऱ्या माणसाचा एकही फोटो तेव्हा फार चांगला नव्हता. पण त्याला पाहता येतं हे त्या शीटवर स्पष्ट होतं. त्यातली कुठलीही एक चौकट पडद्यावर पाच सेकंद दाखवली असती, तर ते कुणालाच कळलं नसतं.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कॅमेरा घेऊन आयुष्य घालवलेला गॅरी विनोग्रँड मार्च १९८४ मध्ये वारला. त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल असे राहिले की जे काढून झाले होते, पण धुतलेच नव्हते. त्याआधीही तो रोल मुद्दाम पडू द्यायचा, वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं. फोटो काढताना मनात जी खुशी होती ती ओसरू द्यायची, आणि मग दुसऱ्या कुणाचं काम हातात आल्यासारखं ते पाहायचं. स्वतःचा फोटो जोखायला त्याला वर्ष लागत होतं. आम्ही अनोळखी माणसाचा फोटो बटण दाबून जोखतो.

शिकागोच्या व्हिवियन मायरचं उदाहरण हल्ली सगळे देतात, कारण तिची कहाणी चटका लावणारी आहे. श्रीमंतांची मुलं सांभाळणारी बाई, गोदामात ठेवलेलं तिचं सामान भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये लिलावात निघालं, त्यात निगेटिव्हचा ढीग सापडला, मोजता मोजता आकडा लाखावर गेला, आणि जग तिला ओळखू लागण्याआधीच २००९ मध्ये ती गेली. मला या कहाणीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आज भिंतींवर टांगलेले तिचे फोटो तिनं निवडलेले नाहीत, दुसऱ्यांनी निवडले आहेत. या कलेत निवड हा अर्धा भाग असतो, आणि तिच्या बाबतीत तो अर्धा भाग आपल्याला कधीच दिसणार नाही. आपल्या गावातला हौशी माणूस हयात आहे, समोर बसलाय, विचारलं तर सांगेल. तरी आम्ही त्याला विचारत नाही की बाबा, तू काय ठेवलंस आणि काय टाकलंस?

आता प्रत्यक्ष घडलेली गोष्ट सांगतो. भोपाळमधल्या एका हौशी स्पर्धेला मी परीक्षक होतो. प्रवेशिकांत चार फोटो एका परिचारिकेनं काढलेले होते. रात्रपाळी संपवून निघाली की दवाखान्याजवळच्या बसथांब्यावरचं सिमेंटचं बाक ती काढते. पहिल्या फोटोत बाकावर स्टीलचा डबा आणि घडी केलेली चादर, माणूस नाही. दुसऱ्यात माकडटोपी घातलेला म्हातारा ग्लासातला चहा बशीत ओतून शेजारच्या बाईला देतोय. बाईचा चेहरा चौकटीच्या कडेनं अर्धा कापलाय, आणि मागे नुकत्याच थांबलेल्या बसच्या दारात कंडक्टरचा फक्त हात. तिसऱ्यात बाक ओलं आहे, त्यावर वर्तमानपत्र पसरून दोघं जण पोहे खातायत. चौथ्यात एक मुलगा एक्स-रेचं मोठं पाकीट उशाला घेऊन झोपलाय.

हे चारही फोटो पडद्यावर एकामागून एक आले नाहीत. पद्धतीप्रमाणे ते इतरांत मिसळून, विखरून आले. दुसऱ्या फोटोवर माझ्या शेजारच्या परीक्षकांनी मान हलवली. ‘‘चेहरा कापलाय.’’ त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. एकट्या फोटोत अर्धा चेहरा ही चूक दिसते. मी चारही फोटो एकत्र दाखवायला सांगितलं. वेळ नव्हता, पण दाखवले. शेजारी-शेजारी मांडले की एक गोष्ट उडी मारून वर येते: चारही फोटोंत बाकाचा डावा पाय चौकटीच्या त्याच कोपऱ्यात आहे. म्हणजे तिनं उभं राहण्याची जागा ठरवलेली आहे. चौकट आधी ठरते आणि मग त्या सकाळी त्या चौकटीत जे येईल ते येतं. कुणी पुरतं येतं, कुणी अर्धं, कुणाचा फक्त हात. दवाखान्याबाहेर ताटकळणाऱ्या माणसांचं जगणं असंच तर असतं. चेहरा कापला जाणं हा तिनं घातलेल्या नियमाचा परिणाम आहे. फोटो काढायला कॅमेरा लागतो, पण असा नियम स्वतःला घालून तो मोडायचा मोह टाळायला कलावंत लागतो. मी हे बोललो. बेरीज मात्र आधीच झालेली होती. चारपैकी एकही फोटो प्रदर्शनात लागला नाही.

नंतर तिनं मला गाठून विचारलं, ‘‘सर, चेहरा पूर्ण यायला हवा होता का?’’ मी म्हटलं, नाही, आणि कुणी सांगितलं तरी आणू नकोस. तिनं फोनमधले आणखी फोटो दाखवले. पावसातलं बाक, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचं बाक, निवडणुकीचं पोस्टर पाठीला चिकटलेलं बाक. रिकामं असलं तरी ती थांबते, म्हणाली.

पहिलं बक्षीस ज्याला मिळालं त्या फोटोबद्दलही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. ताजुल मसाजिदचं विस्तीर्ण अंगण, उठलेला कबुतरांचा थवा, आणि गुलाबी कमानींपुढून जाणारी बुरख्यातली एकटी, लहानशी आकृती. प्रकाश सुरेख. कबुतरांचे पंख स्थिर करण्याइतका शटर वेगवान. काढणाऱ्या मुलाच्या हातात कसब आहे यात शंका नाही. पण असा फोटो मी लॅबमध्ये छापलाय, कॅलेंडरांवर पाहिलाय, दिल्ली-लखनौ-हैदराबादच्या मशिदींसमोर काढलेलाही पाहिलाय. त्यातली बाई कुणीही असती तरी चाललं असतं. तिला चेहरा नाही, घाई नाही, हातात पिशवी नाही. ती तिथं ‘बुरखा’ म्हणून आहे. माझा आक्षेप त्यालाच आहे.

माणसाला नमुना म्हणून उभं करण्याची ही सवय जुनी आहे आणि भोपाळशी तिचा थेट संबंध आहे. जेम्स वॉटरहाउस नावाचा तरुण ब्रिटिश लष्करी अधिकारी १८६२ मध्ये सरकारी कामगिरीवर मध्य भारतात फिरला आणि भोपाळलाही आला. हिंदुस्थानातल्या जाती-जमातींच्या माणसांचे फोटो गोळा करायचे अशी सरकारची योजना होती. त्यातून १८६८ पासून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. एकेका चेहऱ्याखाली जातीचं किंवा जमातीचं नाव आणि तिच्या ‘स्वभावाचं’ वर्णन. त्याच वॉटरहाउससमोर भोपाळच्या नवाब सिकंदर बेगमही वेगवेगळ्या पोशाखांत बसल्या, आणि ते फोटो पाहताना समोर एक राज्यकर्ती बाई आहे याचा क्षणभरही विसर पडत नाही. आपण कसं दिसायचं यात त्यांचा हात होता. ज्यांचा नव्हता ते नमुने झाले. आपले मराठी हौशीही यातून सुटलेले नाहीत. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी पेशानं वैद्य आणि आवडीनं छायाचित्रकार. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत ते होते. मुंबईतल्या माणसांचे त्यांनी काढलेले फोटोही जात, धंदा, पोशाख याच चौकटीत बसवले गेले. तो काळच तसा होता. पण आज हाती फोन असलेला मुलगा इतवारा-बुधवाऱ्यात शिरतो आणि पांढरी दाढी, हुक्का, सुरमा, बुरखा, मेंदीचे हात शोधत फिरतो, तेव्हा तो नकळत त्याच ग्रंथाचा नववा खंड तयार करत असतो. आणि परीक्षक त्याला बक्षीस देतात.

मग पाहायचं काय? मी प्रिंटर, म्हणून मी आधी कडा पाहतो. एन्लार्जरखाली निगेटिव्ह ठेवून कागदाची चौकट बसवताना कळतं, की फोटो मधोमध सगळ्यांनाच काढता येतो. चारी कडांवर काय चाललंय हे ज्याला त्या क्षणी दिसलं, तो वेगळा. चौकबाजारात मुख्य माणूस हसतोय हे कुणीही टिपेल. त्याच वेळी डाव्या कडेवर दुकानदार शटर ओढतोय आणि उजवीकडच्या आरशात रस्ता उलटा दिसतोय, हे तिन्ही एका क्षणात धरणारा थोडा. त्यानंतर मी अंतर पाहतो. काढणारा कुठं उभा आहे, लांबून भिंगानं ओढलंय की चालत जवळ गेलाय. शेवटी हे पाहतो की याच माणसानं काढलेला पुढचा फोटो या फोटोला काही जोडतो का. कडा आणि अंतर एका फोटोत दिसतात. हे तिसरं दिसत नाही.

भोपाळमध्ये या सगळ्यावर १९८४ च्या वायुगळतीची मोठी सावली आहे, आणि तिच्याबद्दल इथले परीक्षक उघडपणे बोलायला कचरतात. दर वर्षी २ आणि ३ डिसेंबरच्या आसपास हौशी छायाचित्रकारांची रीघ युनियन कार्बाइडच्या भिंतीकडे, जेपी नगरकडे लागते. रुथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीनं केलेला मायलेकरांचा पुतळा तिथं आहे. त्या पुतळ्यासमोर एखाद्या म्हाताऱ्या बाईला उभं करायचं, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गडद करायच्या, रंग काढून टाकायचा आणि खाली ‘न्यायाची वाट पाहताना’ असं लिहायचं. असा फोटो पडद्यावर आला की खोली गप्प होते आणि आकडे वर चढतात. कमी आकडा दाबणं म्हणजे त्या बाईचं दुःख कमी लेखणं, असं वाटतं.

ही भीती चुकीची आहे, आणि ते दाखवून देणारे दोन फोटो याच शहरात निघाले. डिसेंबर १९८४, वायुगळतीनंतरचे दिवस. एका लहानग्याला पुरलं जात होतं. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू दोघांनी ते बाळ काढलं. बार्थोलोम्यूंचा फोटो रंगीत; त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. राय यांचा कृष्णधवल; जगभर भोपाळ म्हटलं की पुष्कळांना आधी तो आठवतो. ते बाळ कोण, कुणाचं, हे आजतागायत कळलेलं नाही. विषय एकच, जागा एकच. फोटो मात्र दोन. रंगीत फोटोत माती मातीच्याच रंगाची आहे, आणि ते पांढुरलेले डोळे पाहणाऱ्याला कुठंही तोंड फिरवू देत नाहीत. कृष्णधवल फोटोत रंग नाही, पण एक हात आहे, त्या कपाळावर. तो पुरणाऱ्याचा हात आहे आणि शेवटचा स्पर्शही आहे. मला विचाराल तर मी राय यांचा फोटो वरचा मानतो, त्या हातामुळे. कुणी दुसरा मानेल, आणि आम्ही दोघं तासभर वाद घालू शकू. पण तो वाद हात, रंग, अंतर, चौकट यांच्याबद्दल असेल. दुःख दोन्हीकडे सारखंच आहे, त्यावरून निवाडा करता येत नाही. परीक्षकाचं काम दुःख संपतं तिथून सुरू होतं.

हे मी कोरडेपणानं म्हणत नाही. गॅसनंतर कितीतरी महिने आमच्या काउंटरवर माणसं यायची, हातात एखादा लग्नाचा किंवा जत्रेतला ग्रुप फोटो घेऊन. त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवायची आणि म्हणायची, एवढाच मोठा करून द्या. कुणाला कागदपत्रांना लावायला हवा असायचा, कुणाला घरात लावायला. नखाएवढा चेहरा पोस्टकार्डाएवढा केला की काय उरतं? दाणे, धूसर डोळे, शेजारच्या माणसाच्या फेट्याची कड. ते प्रिंट मी जेवढ्या काळजीनं काढले तेवढ्या काळजीनं दुसरं काही काढलं नाही. त्यांची किंमत करता येणार नाही. आणि तरी ते कलाकृती नव्हते, त्यांना तसं म्हणण्याची गरजही नव्हती. फोटो अमोल असतो म्हणून तो कला असतोच असं नाही, आणि कला नसला म्हणून त्याचं मोल घटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच जेपी नगरच्या त्या बाईचाही मान राहील. तिला गुणांसाठी उभं करणं थांबेल.

काही मित्र म्हणतात, हौशी लोक आहेत, नोकरी-संसार सांभाळून हौस करतायत, त्यांना इतकं काटेकोर कशाला तोलायचं? दोन शब्द कौतुकाचे बोला, प्रमाणपत्र द्या, संपलं. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो. हौशी म्हणून सांभाळून घेणं हा अपमान आहे. हे भोपाळच्या माणसांनी तरी बोलू नये, कारण चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी शिकाऊपणाचा आणि प्रमाणपत्राचा प्रश्न याच शहरात निकाली काढला. १३ फेब्रुवारी १९८२ ला श्यामला हिल्सवर भारत भवन सुरू झालं. तिथल्या रूपंकर या कलासंग्रहालयाची उभारणी स्वामिनाथन यांच्याकडे होती. त्यांनी तरुण चित्रकारांना मध्य प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत पाठवलं आणि आदिवासी, ग्रामीण कलावंतांची कामं नामांकित आधुनिक चित्रकारांच्या कामांच्या बरोबरीनं मांडली. वेगळं दालन, कमी उजेड, सहानुभूतीची पाटी असं काही नाही. पाटणगढचा जनगढसिंह श्याम घरांच्या भिंती रंगवायचा. भूरीबाई भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करायच्या. या दोघांना कुणी ‘त्यांच्या मानानं बरं’ म्हटलं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. जनगढची चित्रं १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स ऑफ द अर्थ’ या गाजलेल्या प्रदर्शनात लागली. भूरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

यात माझ्या मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. स्वामिनाथन एका चित्राला गुण देऊन थांबले नाहीत. जनगढला भोपाळला आणलं, कागद दिला, रंग दिले, भारत भवनात काम दिलं आणि पुढे काय येतं ते पाहत राहिले. भिंतीवरचा माणूस कागदावर काय करतो, दुसऱ्या चित्रात काय करतो, पन्नासाव्या चित्रात काय करतो. स्वामिनाथन परीक्षकच होते, आणि फार कडक परीक्षक होते; त्यांनी फक्त पुरेसं पाहायची सोय करून घेतली.

माझ्याविरुद्ध खरा पुरावा एकच आहे आणि तो रघु राय यांचाच आहे. शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचं, छायाचित्रणाशी संबंध नाही, अशा वयात त्यांनी थोरले बंधू एस. पॉल यांच्यामुळे कॅमेरा हातात घेतला आणि खेड्यात एका गाढवाच्या पिलाचा फोटो काढला. पॉल यांनी तो लंडनच्या ‘टाइम्स’ला पाठवला. ‘टाइम्स’नं छापला. एक हौशी माणूस, एकच फोटो, आणि निवाडा अचूक ठरला. असं होतं, हे मान्य आहे. पण लक्षात घ्या, ‘टाइम्स’नं फोटो निवडला होता, छायाचित्रकार नव्हे. छायाचित्रकार ओळखला तो घरातल्या पॉल यांनी, आणि त्यांना पुढचे-मागचे सगळे फोटो दिसत होते. वर्तमानपत्राला एक फोटो हवा असतो, त्यानं एक निवडावा. स्पर्धा मात्र माणसाच्या नावानं बक्षीस देते, ‘वर्षाचा सर्वोत्तम स्ट्रीट फोटोग्राफर’ असं छापते, आणि पाहते एकच फोटो.

यंदा पुन्हा परीक्षणाचं बोलावणं आलं, तेव्हा मी माझ्या अटी लिहून पाठवल्या. रस्त्याच्या विभागात एकट्या फोटोची प्रवेशिका घेऊ नये. एकाच ठिकाणचे किंवा एकाच गोष्टीचे दहा फोटो मागावेत, निदान सहा महिन्यांत काढलेले. त्याबरोबर न निवडलेल्या वीस फोटोंची एक पानभर शीट मागावी, म्हणजे काय टाकलं ते दिसेल. परीक्षकांसमोर फोटो कागदावर छापून, टेबलावर मांडून ठेवावेत, म्हणजे हातानं पुढे-मागे करता येतील. मथळे झाकावेत. आणि प्रत्येक परीक्षकानं पहिल्या पाच जणांबद्दल प्रत्येकी निदान अर्धं पान लिहावं, आणि ते त्या त्या माणसाला द्यावं, हरलेल्यालाही. दुसऱ्याच्या कामाला आपण हो किंवा नाही म्हणतो तेव्हा कारण देणं बंधनकारक असलं पाहिजे. नुसत्या आकड्यातून कुणी काही शिकत नाही, ना काढणारा, ना आकडा देणारा.

आयोजकांचा फोन आला. दहा फोटोंची अट घातली तर प्रवेशिका निम्म्यानं घटतील, छपाईचा खर्च कोण करणार, आणि एवढं सगळं पाहायला तीन परीक्षकांचे किमान दोन दिवस मोडतील, असं त्यांचं म्हणणं. प्रवेशिका घटू देत. छपाई पोस्टकार्ड साइजची पुरे, ती मी ओळखीच्या लॅबमधून करून देतो असं त्यांना सांगितलंय. आणि त्या दोन दिवसांसाठी मी माझ्याकडून शनिवार-रविवार मोकळे ठेवले आहेत. बाकीच्या दोघांनी होकार द्यायचा आहे.